एक भट्टीवाल्याचा

मित्रांनो, मी जर्दाळूच्या लाकडाचा एक म्हातारा साचा आहे. माझ्या पोटात आठ पाकळ्यांचे फूल कोरलेले आहे आणि माझे कपाळ आपटून आपटून चपटे झाले आहे. रव्याच्या गोळ्यात खजूर भरायचा, तो माझ्या पोटात दाबायचा आणि मला उलटे करून ओट्यावर ठक् आपटायचे, की अंगावर फूल घेऊन मामूल, म्हणजे आमचा नानकटाईसारखा खाऊ, तळहातात पडतो. ईदच्या आधी आमच्या दर्याकाठच्या सैदा गावात घरोघरी हीच ठकठक चालते.

सुहैला आत्या नवी नवरी असताना तिने मला बाजारातून निवडून आणले. इतर बायका नक्षी बघत होत्या. हिने मात्र एकेका साच्याला टेबलावर आपटून पाहिले आणि सुताराला म्हणाली, "हाच द्या. ह्याचा आवाज खणखणीत आहे." त्या दिवसापासून मी मनाने तिचा झालो. पुढे गल्लीतल्या बायका मला उसना न्यायच्या आणि परत करताना तोंडभर कौतुक करायच्या. खोटे कशाला बोलू, मी थोडा फुशारून गेलो होतो.

वरच्या मजल्यावर आत्याचा भाऊ मुनीर राहायचा. तो मासेमारी करायचा, आणि त्याचा आवाज असा की दर्यावरून हाक मारली तरी घरात ऐकू यावी. त्याच्या मुलीचे नाव रबाब. रबाबला शाळा जिवापाड आवडायची. भूगोलाच्या तासाला भिंतीवर नकाशा टांगायचे काम तिचे होते आणि ते ती कुणाला करू देत नसे. पण पाढे म्हणायला सांगितले की तिच्या तोंडाला कुलूप लागायचे.

"मागच्या वर्षी गणितात आपटलीस," मुनीर जिन्यात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला. "यंदा नापास झालीस तर शाळा बंद. अदनानच्या लॉन्ड्रीत इस्त्रीला माणसं हवीच आहेत."

रमजान संपत आला होता. आत्याने रव्याची परात पुढे ओढली आणि मला रबाबच्या हातात दिले. "रडणं पुरे. सात-सातच्या ओळी लावायच्या. एक ओळ झाली की ह्याला जोरात आपट आणि बोल."

ठक्. "सात एके सात." ठक्. "सात दुणे चौदा."

मित्रांनो, माझ्या आवाजाचा एवढा चांगला उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता. आकडे तिच्या डोक्यातून पळून जायचे, ते आता माझ्या ठोक्याबरोबर जागच्या जागी बसू लागले. चुकली तर आत्या ती ओळ मोडायची, बरोबर आली तर तिच्या नाकाला पीठ लावायची. संध्याकाळपर्यंत पोरीचे नाक पांढरेफटक व्हायचे.

भरलेला ट्रे कोपऱ्यावरच्या अबू हातिमच्या भट्टीत भाजायला जायचा. हा अबू हातिम मोठा लबाड. प्रत्येक ट्रेमधला एक मामूल तो उचलायचा. रोजा असल्यामुळे तो कागदात गुंडाळून खिशात टाकायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "नीट भाजलाय की नाही, ते संध्याकाळी चाखून सांगतो."

"ट्रे घरी गेल्यावर सांगून काय उपयोग, मेल्या?" आत्या ओरडायची.

"पुढच्या वर्षी उपयोगी पडेल, ताई!"

यावरून आत्याने पाढ्याला शेपूट जोडले. "सात आठे छप्पन्न, एक भट्टीवाल्याचा, उरले पंचावन्न!" रबाब खो खो हसली. मग तीनचा पाढा असो की नऊचा, प्रत्येक पायरीला भट्टीवाल्याचा वाटा काढल्याशिवाय तिला चैन पडेना. पुढे पुढे ती मधले सगळे गाळून थेट उरलेला आकडाच म्हणू लागली. आत्या टाळ्या वाजवायची. तो ताल ऐकून मीही खूश होतो. कुणाच्याही मनात काही आले नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी रबाबने धीर यावा म्हणून मला दप्तरात घातले. मी अंधारातून सगळे ऐकले.

"सात आठे?" नवाल बाईंनी विचारले.

रबाबने मांडीवर हात आपटला. "पंचावन्न."

"नऊ साते?"

"बासष्ट."

"आठ आठे?"

"त्रेसष्ट."

प्रत्येक उत्तराला वर्ग हसत होता, तो आता थांबला. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "प्रत्येक उत्तर बरोबर एकाने कमी. म्हणजे तुला खरं उत्तर येतंय. माझी थट्टा करतेस?"

"नाही हो बाई. तो एक भट्टीवाल्याचा..."

पुढचे हशात बुडाले. बाईंनी तिला खाली बसवले आणि शून्य दिले. माझ्या लाकडाला त्या क्षणी तडा गेला असता तर मला बरे वाटले असते.

घरी आत्याने कपाळावर हात मारला. "मुनीर, अरे तिला सगळं येतंय! माझ्याच जिभेला हाड नाही."

"येतंय म्हणूनच राग आहे," मुनीर म्हणाला. "जमलं नसतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. बाईंची चेष्टा? मी गल्लीसमोर शब्द दिलाय."

रबाब कोपऱ्यात बसली होती. ती खरेच गोंधळलेली होती. "पण आत्या," ती म्हणाली, "एक तर नेहमी जातोच ना?"

दुसऱ्या दिवशी आत्या मला साक्षीला घेऊन शाळेत गेली. बाईंनी सगळे ऐकले, आधी हसल्या, मग त्यांचे हसू मावळले. "मला पटतंय हो. पण निकाल वर गेलाय. वरच्यांना मी भट्टीवाला कसा समजावू?"

नकाशा दुसरी मुलगी टांगू लागली. रबाब लॉन्ड्रीत जाऊ लागली.

आता आत्या नाही. भट्टीच्या जागी मोबाइलचे दुकान आहे आणि मामूल डब्यात बंद होऊन मिळतात. मी रबाबच्या स्वयंपाकघरात, खणात, गंजलेल्या सुरीशेजारी पडून असतो. परवा तिच्या मुलीने, लमीसने, मला शोधून काढले. पाढे घोकता घोकता तिने मला ओट्यावर आपटले आणि इतक्या वर्षांनी माझ्या अंगात जीव आला. ठक्. "सात एके सात." ठक्. "सात दुणे चौदा."

"ठेव ते खाली!" रबाब धावत आली. तिच्या मनगटावर इस्त्रीचे जुने डाग आहेत. "पुस्तकातून पाठ कर. ह्याच्या नादी लागू नकोस."

"पण आई, असं केलं की मला पटकन येतं."

"मलाही यायचं," रबाब म्हणाली, आणि तिने मला खणात टाकले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या शाळेत बाई होईल, कुणी बाप होईल. एखादे मूल चुकले, तर हसण्याआधी आणि रागावण्याआधी त्याला एवढेच विचारा, की बाळा, हे तू कुठून आणलेस? आणि त्याचे बोलणे पुरते होऊ द्या.

माझे मात्र आता काही व्हायचे नाही. रोज संध्याकाळी लमीस वर ओट्याशी बसून घोकते. सात साते एकोणपन्नास, सात आठे... आणि तिथेच ती अडखळते. मला उत्तर माहीत आहे. खण बंद आहे.