कोठीतली बंद पाकिटं

मित्रांनो, परक्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या माणसाने निदान नीट बघून तरी लिहावं. मारिके नावाच्या त्या पोरीने तेवढंही केलं नाही. तोंडाला मास्क, हातात यादी. आली, पेनाच्या टोकाने मला दोनदा वाजवलं आणि मोठ्याने म्हणत लिहून टाकलं, "पत्र्याचा डबा. किंमत शून्य."

पत्र्याचा! अहो, मी पिठाची कोठी आहे. अस्सल जाड स्टीलची. वीस किलो कणीक पोटात घेऊन वर झाकण घट्ट बसतं माझं. आजकालच्या डब्यांना नुसतं बोट लागलं तरी पोचा येतो. माझ्या अंगावर सदतीस वर्षांत एकच पोचा आहे, तोही विमानतळावरच्या हमालाने पाडलेला.

माझा जन्म पुण्याचा. रविवार पेठेतल्या दुकानात मी वरच्या फळीवर उभी होते. चौऱ्याऐंशी साली कुमुदिनीचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या वडिलांनी मला खाली उतरवून घेतलं. दुकानदाराने घुर्र आवाज करणाऱ्या मशीनने माझ्या कपाळावर नाव घातलं. चटके बसले, पण मान हलवली नाही. मला वाचता येत नाही. कुमुदिनी सातवीपर्यंत शिकलेली; तिने बोट फिरवत वाचून दाखवलं, म्हणून मला कळलं की ते तिचंच नाव आहे.

तिचा नवरा रमेश धुमाळ पुढे हॉलंडमधल्या नायमेखनला कॉम्प्युटरच्या चिपा बनवण्याच्या कारखान्यात लागला. त्याच्यामागोमाग आम्ही दोघी निघालो. माझ्या पोटात तूरडाळ, लाल तिखट आणि रमेशच्या लोकरीच्या बनियनी. विमानतळावरच्या साहेबाने झाकण उघडून आत नाक घातलं आणि असा शिंकत सुटला, की पुढचं सामान त्याने उघडलंच नाही.

दहा वर्षांपूर्वी रमेश गेला. मुलगा अंबरीश आइंडहोव्हनला इंजिनिअर. तो म्हणाला, "आई, आमच्याकडे वरची खोली रिकामीच आहे. ये ना."

"वरच्या खोलीत ठेवायला मी काय हिवाळ्याचे कपडे आहे?" कुमुदिनीने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं.

ती आल्मेरेच्या पलीकडच्या एका लहान गावात आली, कारण तिथे घरं स्वस्त होती. पुण्या-मुंबईहून आलेल्या मुलांना ती पोळ्या करून देऊ लागली. आधी रोजच्या चाळीस पोळ्या, मग डबे, मग दोनशे डबे. भाड्याचं स्वयंपाकघर, हप्त्याची गाडी, मदतीला दोघी बायका. रोज सकाळी मी भरले जायचे आणि दुपारपर्यंत रिकामी व्हायचे. मोठमोठ्या कंपन्यांतली मुलं फोन करून म्हणायची, "काकू, आज पोळी घरच्यासारखी होती." ती फणकारायची, "घरच्यासारखी म्हणजे? घरचीच आहे." पण फोन ठेवला की पिठाच्या हाताने मला थोपटायची. मित्रांनो, कौतुक मला तेवढं पुरायचं.

मग वीस सालचा मार्च आला. कचेऱ्या एका दिवसात बंद झाल्या. मुलं घरी बसली, डबे बंद पडले. मदतीच्या बायका गेल्या. भाड्याच्या स्वयंपाकघरातून कुमुदिनीने मला तेवढी उचलून घरी आणलं आणि टेबलाशेजारी ठेवलं. दहा किलो पीठ उरलं होतं. एका माणसाला ते किती दिवस पुरतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. फार दिवस पुरतं.

ते संपायच्या आतच पाकिटं यायला लागली. पांढरी, निळी, खिडकीची. कुमुदिनी डच बोलते फर्डी, बाजारात भांडून शिकलेली. पण वाचायचं म्हटलं की अडकते. आधी अशी पत्रं रमेश वाचायचा, मग हिशेब बघणारा एक माणूस. त्याचे पैसे थकले तसा तोही येईनासा झाला. अंबरीशला विचारायचं म्हणजे त्याला सगळं कळणार. पहिलं पाकीट तिने उन्हात धरून बघितलं. दुसरं टेबलावर ठेवलं. तिसरं आलं तेव्हा पीठ संपलं होतं, तिने माझं झाकण उघडलं आणि तिन्ही आत टाकून दिली.

मी पीठ सांभाळणारी. किडा लागू दिला नाही कधी. पण त्या पाकिटांचं मी काय करणार होते? ती आपली साठत गेली. अंबरीशचा दर रविवारी फोन यायचा. "आई, सगळं ठीक ना?" "झकास," ती माझ्या झाकणावर हात दाबून म्हणायची. त्या घरात बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. भिशीच्या बायकांचेही फोन यायचे. वाजून वाजून थांबायचे. ती नुसती बघत बसायची.

भिशीचं सांगितलं पाहिजे. बारा जणी, महिन्याला शंभर शंभर युरो. सगळी रक्कम दर महिन्याला एकीला, पाळीपाळीने. गोळा करणारी कुमुदिनी. ना कागद, ना सही. मार्चमधली पाळी सुचेताची होती. ते बाराशे युरो कुमुदिनीने स्वयंपाकघराच्या भाड्यात घातले. पुढच्या महिन्यात देते, असं मनाशी म्हणाली. पुढच्या महिन्यात भिशीच बंद पडली, आणि सुचेताला तोंड दाखवायचं तिने सोडून दिलं.

एकवीसच्या जानेवारीत दारावर वसुलीचा माणूस आला. दोन मीटर लांब उभा राहून त्याने तिला नोटीस वाचून दाखवली. घराचं भाडंही थकलेलं. घर सोडावं लागेल, म्हणाला. जाताना हळूच पुढे म्हणाला, "नगरपालिकेत जा, बाई."

इथली रीत अशी आहे. कर्ज डोईजड झालं तर कोर्ट तीन वर्षं काटकसरीत राहायला लावतं आणि ते नीट निभावलं की उरलेलं पुसून टाकतं. पण कोर्टात जायला नगरपालिकेचा कागद लागतो, आणि तो कागद हवा तर आधी सल्लागारासमोर बसायचं. सक्तीने. कागद मिळाला तर कुमुदिनी आपल्या घरात राहणार. नाही मिळाला तर अंबरीशची वरची खोली.

जूनमध्ये नंबर लागला आणि पहिली बैठक टॅबवर झाली. टॅब माझ्याच पोटाला टेकवला होता. सल्लागार म्हणजे तीच मारिके; तिचा आवाज माझ्या पोटात घुमायचा आणि समोर मला कुमुदिनीचं तोंड दिसायचं. तिने केस विंचरून, ठसठशीत कुंकू लावून घेतलं होतं. रमेश गेल्यावरही कुंकू सोडलं नव्हतं तिने. विचारायची हिंमत कुणाची?

"मेवराव धुमाळ," मारिके म्हणाली. मेवराव म्हणजे बाईसाहेब. "दुकानात जाताना यादी करून न्या. भुकेल्या पोटी जाऊ नका. कांदे सुटे घेण्यापेक्षा जाळीतले स्वस्त पडतात."

"मी दोनशे माणसांची कणीक वाटीशिवाय मळते," कुमुदिनी म्हणाली. "आणि तू मला कांदे शिकवतेस?"

"हा धडा सगळ्यांनाच द्यावा लागतो, मेवराव. नाही तर तुमचं काम पुढे सरकत नाही."

"माझे कांदे महाग नव्हते, मारिके. माझी गिऱ्हाइकं घरी बसली."

 मारिके म्हणाली, "पुढच्या वेळेला खर्च तीन रंगांत लिहून आणा."

घरपाठ! वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी! कुमुदिनीने सगळा खर्च एकाच रंगात लिहिला. लाल.

दुसऱ्या बैठकीला मारिके स्वतः आली. माझी किंमत केली ती त्याच दिवशी. मग खुर्चीवर बसून म्हणाली, "आलेली पत्रं कुठे आहेत?"

 कुमुदिनी उठली, तिने माझं झाकण काढलं आणि मला टेबलावर पालथं केलं. सोळा महिन्यांचा ढीग. मला वाटलं, आता ही पोरगी व्याख्यान देणार. तिने बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "चहा मिळेल का? वेळ लागेल."

एकेक पाकीट ती फाडत गेली आणि वाचून दाखवत गेली. धमकीला धमकी म्हणाली, जाहिरातीला जाहिरात. एका पत्रापाशी ती अडखळली. स्वयंपाकघराच्या मालकाचं होतं, वीसच्या एप्रिलमधलं. त्याने लिहिलं होतं, काळ कठीण आहे, सहा महिने भाडं देऊ नका. फक्त दोन आठवड्यांत 'हो' कळवा.

"परत वाच," कुमुदिनी म्हणाली.

मारिकेने परत वाचलं. कुमुदिनीने ते पत्र हातात घेतलं, डच वाचता येत नसताना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. हे सगळं वर्षभर माझ्या पोटात होतं. मला वाचता आलं असतं तर झाकण आपटून आपटून सांगितलं असतं.

त्या दिवसापासून तिच्या सरकारी मदतीतून तिला खर्चाला आठवड्याचे साठ युरो मिळू लागले. बाकी सगळं मारिकेच्या हातात. महिनाभराने टॅबवर तिने विचारलं, "मेवराव, तुम्ही दर सोमवारी वीस युरो रोख काढता. हल्ली दुकानात तर कार्डच घेतात. रोख कशाला लागते?"

"देवळात देते."

"देऊळ बंद आहे. मी त्याच रस्त्याने येते."

कुमुदिनीचं तोंड मला समोर दिसत होतं. तिच्या तोंडाला तोंड देणारं कुणी मी सदतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. ती वीस युरो दर सोमवारी पाकिटात घालून सुचेताच्या दारातल्या पत्रपेटीत टाकायची. नाव नाही, गाव नाही. स्वतः आठवडाभर आमटीभात खायची. शेवटी तिने ते सांगून टाकलं.

"हे कर्ज तुम्ही मला सांगितलंच नाही," मारिके म्हणाली.

"ते कर्ज कुठे? तो शब्द आहे. कर्ज बँकेचं असतं."

"एकीला गुपचूप द्यायचं आणि बाकीच्यांना थांबवायचं, हे चालत नाही, मेवराव. कोर्टात कळलं तर तुमचा अर्ज परत पाठवतील. तिचं नाव यादीत घाला. वाटणीत तिला शंभरातले आठ-नऊ मिळतील."

"मी सुचेताला सांगू, शंभराचे नऊ घे? तिच्या दारात उभी राहून? त्यापेक्षा मी आइंडहोव्हनला जाईन!"

टॅब बंद झाला.  तिसऱ्या दिवशी कुमुदिनीने स्वतःहून सुचेताला फोन लावला. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला, जणू सुचेताला दिसणारच होतं.

"सुचेता, मी बोलतेय. तुझ्या पाळीचे पैसे मी वापरले. आता ते कोर्टाच्या यादीत घालायचेत. थोडेच मिळतील तुला."

सुचेताचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला. "पाकिटं तुम्ही टाकता हे मला पहिल्याच सोमवारी कळलं, कुमुदताई. तुमच्याशिवाय नोटेला इस्त्री करून कोण पाठवणार? पैसे मला हवे होते, नाही म्हणणार नाही. आईचं ऑपरेशन होतं, दुसरीकडून उचलावे लागले. रागही आला. पण दीड वर्ष तुम्ही माझा फोन घेतला नाहीत, ते कुठल्या यादीत घालायचं सांगा. दोनदा तुमची बेल वाजवून परत गेले मी. आत दिवा चालू होता."

"तुला काय सांगणार होते मी?"

"काहीच नाही. चहा पाजायचा होतात."

  कुमुदिनी पदर सैल करत म्हणाली, "उद्या ये. दार उघडं ठेवते."

सुचेताने यादीवर सही केली. तिचा राग एका चहात गेला नाही, पण ती आली. संध्याकाळी कुमुदिनीने अंबरीशलाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, मला विचारायचं होतंस." ती म्हणाली, "तू दर रविवारी 'ठीक ना' विचारायचास. 'ठीक नाही का' असं एकदा विचारायचं होतंस." कोर्टाबाहेर थोड्या पैशांत मिटवायला गाडीच्या हप्त्यावाल्या कंपनीने नकार दिला, म्हणून मारिकेने कोर्टासाठी कागद तयार केला. सप्टेंबरात कोर्टाने अर्ज मंजूर केला. तीन वर्षं कुमुदिनीला आठवड्याला साठ युरोत राहायचं आहे. पण घर तिचंच राहिलं.

मित्रांनो, मी एक भांडं आहे. भांड्याने उपदेश करू नये. तरी एवढं ऐका. तुमच्या आजीच्या, काकूच्या, शेजारणीच्या घरी गेलात तर खाऊचा डबा उघडता तसे रिकामे डबेही उघडून बघत जा. ओरडतील. ओरडू द्या.

शेवटच्या भेटीला मारिके छापील कागद घेऊन आली. "हे सगळ्यांना विचारावं लागतं, मेवराव. सक्तीच्या या सल्ल्याचा तुम्हाला उपयोग झाला का? एक ते दहा, कितीवर खूण करू?"

कुमुदिनीने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"आकडा नको, तोंडाने ऐक. तुझ्या धड्यांचा मला काडीचा उपयोग झाला नाही. काटकसर मी तुझ्या जन्माच्या आधीपासून करते. आणि सक्ती नसती तर तुला मी दारातूनच वाटेला लावली असती. म्हणजे सक्ती केलीत हे बरंच केलंत. पण तू माझ्या टेबलाशी बसून ती पत्रं वाचलीस ना, तेवढं एक काम खरं झालं. त्याला दहापैकी दहा लिही. बाकी सगळं खोडून टाक. आणि तुझ्या साहेबाला माझ्या नावाने सांग, की बुडालेल्या माणसाला पोहायला शिकवायला माणूस पाठवता, मग पहिलं पत्र आलं त्याच दिवशी ते वाचून दाखवायला का नाही पाठवलात? तू कामाची आहेस, पोरी. फक्त सोळा महिने उशिरा आलीस."