जांभळीवरची दोरी

नवशाचा डावा डोळा मी फोडला. गलोलीनं, अकरा पावलांवरून, शिशाच्या गोळ्यानं. हे आधीच सांगून टाकते, कारण दोन दिवस झाले, भेटेल तो मला शाबासकी देतोय. बाई, तुम्ही होतात म्हणून केसरीनाथ वाचला, म्हणे. सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याच्या मी एकदा कानाखाली वाजवलेली आहे, तोसुद्धा नारळ घेऊन दारात उभा. मी नारळ ठेवून घेतला आणि दार लावलं.

आज अकरा वाजता पोलिसांकडे माझा जबाब आहे. नवशानं धाकट्या भावाच्या मानेवर कोयता उगारला, अशी केसरीनाथची फिर्याद आहे. तिसरं माणूस तिथं मी एकटीच होते. मी हो म्हटलं की नवशा दवाखान्याच्या खाटेवरून थेट तुरुंगात जाणार.

माझं नाव विद्युल्लता. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि तीस वर्षं मुलांना मारलं. मी भिरकावलेला डस्टर शेवटच्या बाकापर्यंत जायचा आणि ज्याच्यासाठी निघाला त्यालाच लागायचा. कोन गावचे हे दोघे भाऊ माझ्याच वर्गात होते. मोठा नवशा एकदा नापास होऊन धाकट्याच्या वर्गात आला, म्हणून दोघे एका बाकावर. वर्गात शिटी वाजली की ती केसरीनाथनं वाजवलेली असायची आणि 'बाई, मी केलं' म्हणत उभा नवशा राहायचा. मला कळायचं. तरी मी नवशालाच हाणायचे, कारण उभा तो असायचा.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, मी रेडिओ करते. सरकारी परवाना काढायचा, घरात यंत्र ठेवायचं आणि जगभरच्या आपल्यासारख्याच नादिष्टांशी बोलत बसायचं, असा हा नाद आहे. त्याला एक लांब तार उंच टांगावी लागते. तार जितकी उंच, तितका आवाज लांब जातो. धामणकर नाक्यावरच्या आमच्या इमारतीखाली कापडाचे लूम चालतात, त्यांच्या मोटारींची खरखर यंत्रात भरून राहते. त्यात गच्चीवर मी बांधलेली तार सेक्रेटरीनं पक्कडीनं कापली. वाजवलेली कानाखाली त्याचीच.

केसरीनाथ मला नाक्यावर भेटला. गोदामांचा धंदा, गळ्यात सोन्याची साखळी, पाया मात्र वाकून पडला. तारेची रडकथा ऐकून म्हणाला, "बाई, आमच्या वाडीत या की. चिंच हाय, जांभली हाय. साठ-साठ फूट. आक्का पन तुमची आठवन काढते." आक्का म्हणजे त्या दोघांची आई. मी तिथल्या तिथे रविवार ठरवला. त्यानंतरच्या गुरुवारी त्याच वाडीची सरकारी मोजणी आहे, भावाभावांत हद्दीवरून वर्षभर वाद आहे, यातलं अवाक्षर त्यानं काढलं नाही. मीही विचारलं नाही. मला झाडं दिसत होती.

साठ फुटांच्या झाडावर कुणी चढत नाही. शिशाच्या गोळ्याला तंगूस बांधायचा, तोच मासे धरायचा बारीक दोरा. गलोलीनं गोळा झाडाच्या शेंड्यावरून पलीकडे मारायचा. गोळा खाली आला की तंगुसाला सुतळी बांधून ओढायची, सुतळीला दोरी आणि दोरीला तार. तंगूस गुंता न होता सुटावा म्हणून मी तो लूमच्या मोठ्या कांडीवर गुंडाळून आणला होता. गलोल पेरूच्या बेळक्याची, मीच केलेली, रबर ट्यूबचं. गोळे मात्र केसरीनाथनं दिले. त्याच्या बापाचा पाग माळ्यावर कुजत पडला होता, त्या जाळ्याचं शिसं काढून आक्कानं चुलीवर लोखंडी पळीत वितळवलं आणि मला लिंबाएवढे चार गोळे पाडून दिले. म्हातारी खूश होती. नवऱ्याच्या जाळ्याचं काहीतरी होतंय, एवढंच तिला बरं वाटलं.

चिंच पहिल्याच फटक्यात झाली. जांभळीनं जीव खाल्ला. एकदा गोळा फांदीत अडकून तंगूस तुटला, एकदा आखूड पडला, दोनदा भलत्याच बेचक्यातून गेला. सहा वाजता आलेली मी, नऊ वाजले तरी मान वर करून उभी. मानेची शीर धरली, तळहाताला फोड आला, आणि मला असा संताप आला की ती जांभळी माणूस असती तर मी तिचे केस उपटले असते. पाचव्या वेळी गोळा शेंड्यावरून सुळकन पलीकडे गेला. मी वाडीत एकटीच ओरडले. गेल्या कित्येक वर्षांत इतका आनंद मला झाला नव्हता, खरंच सांगते.

मग दोरी चढवली. चिंच ते जांभळी सरळ दोरी, मध्ये तार लटकलेली, आणि पाखरं अडकू नयेत म्हणून मी दोरीला लाल-पांढऱ्या चिंध्या बांधलेल्या. यंत्राकडे जाणारी केबल नेमकी मधोमध खाली येते, तिथं जमिनीवर एक खूण हवी होती. केसरीनाथ म्हणाला, "फक्की हाय ना माज्याकडं," आणि चुन्याची गोणी घेऊन आला. मला हवा होता एक ठिपका. त्यानं दोरीखालून चिंचेपासून जांभळीपर्यंत पांढरी रेघच ओढली. मी ओरडले, "अरे गाढवा, शर्यत लावायची आहे का?" तो हसला. मला वाटलं, अजून तसाच आहे मूर्ख. मूर्ख तो नव्हता.

कोनमध्ये जमिनीवर फक्की पडली आणि वर दोरी ताणली की त्याचा अर्थ एकच. तिथं हद्द ठरली, आता गोदामाचा पाया पडणार. शेतावर दोरी कशासाठी, असं तिथलं शेंबडं पोरही विचारत नाही. नवशानं आपल्या घराच्या ओट्यावरून चिंध्या लावलेली दोरी पाहिली, खालची रेघ पाहिली, आणि जांभळी रेघेच्या पलीकडे, केसरीनाथच्या बाजूला राहिली तेही पाहिलं. तो गवत कापत होता तो कोयता हातात तसाच घेऊन आला.

"कोनाला इचारून हद्द मारली रं?" तो लांबूनच ओरडला. "गुरुवारी मोजनी हाय ना? आधीच दोरी कशी पडली?"

केसरीनाथ जांभळीच्या बुंध्याशी दोरीचं टोक धरून उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "दादूस, बाईंना इचार. बाईंनी मोजून दिली हाय. बाई काय खोटं बोलतील?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी झाडं, माझी दोरी, माझा रविवार, सगळं त्यानं कशासाठी मांडलं होतं ते कळलं. गुरुवारी मोजणीदार येईल तेव्हा जमिनीवर रेघ असणार आणि तोंडात शाळेतल्या बाईंचं नाव. त्या क्षणी मी एवढंच म्हणायचं होतं की नवशा, ही रेडिओची तार आहे, फक्की पायानं पुसून टाक. एका वाक्याचं काम होतं. पण नवशा माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, तुमी बाजूला व्हा. तुमचा न्हाय हा विषय."

मला कुणी बाजूला व्हा म्हटलेलं खपत नाही. मी म्हणाले, "दोरीला हात लावायचा नाही. सांगून ठेवते."

नवशानं रेघेवर पाय घासायला सुरुवात केली. केसरीनाथनं दोरीचं टोक बुंध्याला दोन वेढे देऊन अडकवलं, शेजारी पडलेली पहार उचलली आणि मागून त्याच्या खांद्यावर घातली. आवाज मला अजून ऐकू येतो. ओलं लाकूड फुटावं तसा होता. नवशा गुडघ्यावर आला, वळला, आणि कोयत्याच्या मुठीनं धाकट्याच्या तोंडावर ठोसा मारला. पात्यानं नाही, मुठीनं. केसरीनाथचा ओठ फाटला. दोघे फक्कीत लोळले, पांढरेफटक झाले. केसरीनाथनं त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, नवशानं त्याचं डोकं दोनदा जमिनीवर आपटलं. बैलांना सोडवायलाही माणसं धावतात. मी जागची हलले नाही. मी वर दोरीकडे बघत होते, ती सुटत तर नाही ना म्हणून.

नवशा उठला. केसरीनाथ रांगत बुंध्याशी गेला आणि दोरीच्या वेढ्यांवर हात ठेवून बसला. नवशानं एका हातानं त्याला कॉलर धरून बाजूला ओढलं आणि दुसऱ्या हातानं कोयता घातला. दोरीवर. एका घावात दोरी तुटली आणि पातं जांभळीत रुतलं. वर सळसळ झाली, तीन तासांची माझी तार पानं ओरबाडत खाली आली आणि फक्कीत पडली.

केसरीनाथच्या मानेवर ओरखडाही नव्हता. मी ते पाहिलं. नवशानं रुतलेला कोयता खोडात तसाच सोडला, हेही पाहिलं. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. तो माझ्याकडे वळला, धापा टाकत होता, आणि म्हणाला, "बाई, माफ करा..."

तोवर माझ्या हातांनी पिशवीतला गोळा गलोलीत घातलेला होता. रबर मी कानापर्यंत ओढलं. सोडायच्या आधी एक क्षण होता, पुरता एक क्षण, आणि त्यात मला वाटलं होतं ते एवढंच, की माझी तार कापली. मी सोडलं.

तो ओरडलाही नाही. हात तोंडावर ठेवून बसला, बोटांतून रक्त आणि आणखी काहीतरी यायला लागलं. केसरीनाथ उठला आणि त्यानं बसलेल्या भावाच्या गुडघ्यावर पहार घातली. एकदा, दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आक्का कुठून आली कळलं नाही, ती नवशावर पालथी पडली. "मार, मना मार! माज्या पोराचा डोला ग्येला गो बाय!" ती माझ्याकडे बघून ओरडत होती. मीच फोडला हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, मी मदत करीन.

पहार खाली टाकून केसरीनाथनं पाय लावून जांभळीतला कोयता उपसला आणि नवशाच्या हाताजवळ गवतात टाकला. मग माझ्याकडे बघून मान खाली घातली. वर्गात शिटी वाजवून झाल्यावर तो खाली मान घालायचा, तशीच.

अकराला पाच मिनिटं असताना मी पोलीस ठाण्यात पोहोचले. केसरीनाथ बाकावर बसला होता, ओठाला टाके. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली. समोर हवालदार कागद घेऊन बसलेला. त्याची मुलगी माझ्या हाताखालून गेलेली, म्हणून माझ्याशी अदबीनं बोलत होता.

"बाई, घाबरू नका. तुम्ही जीव वाचवलाय," तो म्हणाला. "काल दवाखान्यात आरोपीचा पण जबाब घेतला. ऐका, काय म्हणतो ते." आणि त्यानं वाचलं. "बाई झाडावरून दोरी टाकत होत्या. मी मध्ये गेलो. बाईंचा नेम चुकून गोळा मला लागला. बाईंबद्दल माझी तक्रार नाही. भावाबद्दल मला काही सांगायचं नाही."

केसरीनाथ हसला, टाक्यांमुळे अर्धाच. "दादूस तसाच हाय, बाई. अजून तुमाला भितो."

पन्नाशीचा माणूस, एक डोळा गेलेला, गुडघा फुटलेला, आणि पुन्हा उभा राहिला होता. बाई, मी केलं.

"नवशा खोटं बोलतोय," मी म्हणाले.

"तेच म्हनतोय मी," केसरीनाथ म्हणाला.

हवालदारानं पेन उघडलं. मी सांगायला लागले. मोजणीचं, फक्कीचं, पहिली पहार कुणी घातली त्याचं. कोयता कधीच मानेवर नव्हता, दोरीवर होता. जांभळीच्या बुंध्यावर वीतभर घाव आहे, जाऊन बघा. नवशाचे हात रिकामे होते आणि कोयता नंतर कुणी उपसला, तेही सांगितलं. केसरीनाथ मध्येच उभा राहिला, "बाई, काय बोलताय काय," म्हणाला, आणि मी त्याला वर्गातल्या आवाजात "खाली बस" म्हटलं. तो बसला.

हवालदाराचं पेन थांबलं होतं. त्यानं केसरीनाथला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, विचार करून बोला. त्याचे हात रिकामे होते म्हणता, मग तुम्ही अडकता. या वयात कुठं जाणार तुम्ही? तो स्वतःच देतोय ना लिहून, नेम चुकला म्हणून? तेवढं आपण तसंच ठेवू. भावाभावांचं मी बघतो."

माणूस भला होता. टेबलावर पुराव्याच्या पिशवीत माझी गलोल पडली होती, तिच्या रबराला अजून फक्की लागलेली. वाऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. हो म्हणायला मला फक्त मान हलवायची होती.

"लिहा," मी म्हणाले. "माझा नेम चुकला नाही."