दमट खोका

डोळे मिटा बघू. निपाणीबाहेर पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. वर तारांवर शेवंतीच्या जुड्या उलट्या टांगल्यात, आणि खाली वाळलेली फुलं खोक्यांत भरली जाताहेत. खोके बोटीनं परदेशी जाणार. चार फुलं जरी दमट राहिली, तरी वाटेत सगळा खोका बुरसटतो. म्हणून झाकण लावण्याआधी नाक आत घालून वास घ्यायचा, हा तिथला नियम.

दिपाली शाळा सुटली की तिथं आईजवळ येऊन बसायची. आई, बाळाबाई, पूर्वी देवळापुढं हार विकायची. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून फुलांवर वाकलं की तिचा श्वास आपोआप थांबायचा. इथंही ती नियमाप्रमाणे वाकायची, पण श्वास रोखूनच. हे फक्त दिपालीला ठाऊक होतं.

एका संध्याकाळी मालक मार्तंडअण्णा तणतणत आत आले. परदेशात पोचलेल्या मालाला बुरशी लागली होती.

"भरणाऱ्या तुमी दोघीच. बाळाबाई न्हायतर मनुबाई. कुणाचं नाक मेलंय?"

"तुमीच घ्या की वास, अण्णा," मनुबाई म्हणाली. "का तपकिरीनं काय शिल्लक ठेवलं न्हाय नाकात?"

जुड्या बांधणाऱ्या बायका खुदकन हसल्या. अण्णा हसले नाहीत.

"माझं तपकिरीनं गेलंय, तुमची मिसरीनं. पोरीचं नाक चांगलं असंल. ये गं हिकडं."

त्यांनी दोघींचे नुकतेच भरलेले खोके दिपालीपुढं सरकवले.

"जिचा दमट, ती उद्यापास्नं घरी. आणि तू गप्प बसलीस तर दोघी बी घरी."

"अण्णा, लेकराला काय कळतंय..." बाळाबाई पुटपुटली.

"तू गप."

"हुंग गं बाय, भिऊ नगंस," मनुबाई म्हणाली. कालच तिनं दिपालीच्या फाटक्या दप्तराला टाके घालून दिले होते.

दिपाली मनुबाईच्या खोक्यावर वाकली. वाळल्या गवताचा स्वच्छ वास. मग आईच्या खोक्यावर. ओल्या पोत्यासारखा कुबट वास नाकात शिरला.

तिनं मान वर केली. आई जमिनीकडं बघत होती. मनुबाई दिपालीकडं बघून हसत होती.

"बोल की! कुणाचा?"

दिपालीनं हात उचलला आणि मनुबाईच्या खोक्यावर ठेवला.