नवा कागद

मी एकोणतीस वर्षं गोंदियात टायपिंग शिकवलं. माझ्या क्लासचा एकच नियम होता: चूक झाली की कागद काढा आणि नवा घाला. खोडाखोड करून त्याच कागदावर पुढं रेटणाऱ्या पोरींना मी तास संपेपर्यंत उभं ठेवत असे. याच नियमानं मला परवा खड्ड्यात घातलं.

माझ्या भावाची, भुपेंद्रची मुलगी टीना, तिची हळद उद्या सकाळी इथंच फुलचूरला. हळदीची जुनी गाणी आता आमच्यात कुणाला येत नाहीत. येत होती ती आमच्या आईला, धुरपताबाईला. आठ वर्षांपूर्वी मी तिला शेजारी बसवून एकशे बारा गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. आई आता ब्याऐंशीची आहे आणि सकाळी काय खाल्लं तेही तिला आठवत नाही. म्हणजे गाणी उरली ती कॉम्प्युटरच्या त्या डब्यात. टीना म्हणाली, "आत्या, मले डीजे नाही पायजे, आजीचेच गाने पायजे." मला इतका आनंद झाला की गाण्यांच्या वह्या छापायला भुपेंद्रनं आणलेला नवा प्रिंटर मी स्वतः जोडायला बसले. तो जुन्या सिस्टीमवर चालेना.

म्हणून डबा घेऊन ओमेशच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. त्यानं विचारलं, "मॅडम, अपग्रेड करू का फ्रेश मारू?"

"फरक काय?"

"अपग्रेड म्हणजे जुनं सब राहते, वरून नवं बसते. फ्रेश म्हणजे पूरा साफ, मंग नवं. फाइली मी बाजूले काढून ठेवतो, टेन्शन नका घेऊ."

मला काही उमजलं नाही. भुपेंद्रला फोन केला तर तो म्हणाला, "अपग्रेडच कर, घर पाडाचं कायले?" शेजारच्या नीतूला विचारलं, ती म्हणाली, "फ्रेशच करा मावशी, कचरा निंगून जाते." दोघंही इतक्या खात्रीनं बोलत होते की दोघांनाही काही कळत नसावं अशी मला शंका आली. मग मी माझ्या अकलेनं चालले. खोडलेल्या कागदावर पुन्हा टाइप करायचं? छे. "फ्रेश मार," मी म्हटलं.

डबा आज दुपारी घरी आला. ओमेश स्वतः जोडायला आला होता. गाण्यांची फाइल जागेवर होती, मी खूश झाले. उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस. एकशे बारा गाण्यांची नुसती खिचडी.

"माझी गाणी कुठं आहेत?" मी ओरडले.

ओमेशनं डोकं खाजवलं. "गाने आहेत मॅडम. मराठी अक्षरं दाखवनारा फॉन्ट गेला. तुमच्या क्लासच्या सीडीतला होता ना तो? अपग्रेड केलं असतं तर राह्यला असता."

"मग तेव्हा काऊन नाही सांगितलं?"

"तुम्हीच तर फ्रेश म्हनलं!"

सीडी क्लास बंद केला तेव्हा भंगारात गेली होती. त्यानं आपल्याकडचे तीन फॉन्ट लावून पाहिले. खिचडीची फक्त चव बदलली. नागपूरला विचारतो, आठ दिवस लागतील, म्हणाला. हळद उद्या. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

फाइल आहे पण गाणी नाहीत, हे मला काही केल्या समजेना. आहे तर दिसत का नाही? आई खाटेवरून विचारत होती, "कोनाचं लगन आहे वो?" दर दहा मिनिटांनी हाच प्रश्न. "टीनाचं," मी खेकसले आणि लगेच वाईट वाटलं. टीनाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घोळत होतं.

सवयीनं हात कीबोर्डवर ठेवले. पडद्यावर नजर गेली ती एच या अक्षरावर. माझं बोट आपोआप त्या कळेकडं गेलं, आणि बोटाला ठाऊक होतं की तिथं दीर्घ वेलांटी असते. डी म्हणजे क. के म्हणजे काना. मग एकदम लख्ख कळलं: ही खिचडी नव्हती, मी दाबलेल्या कळा होत्या, जशा दाबल्या तशा. डोळ्यांना वाचता येत नसलं तरी बोटांना येत होतं.

वही घेतली. एकेक कळ चाचपायची आणि अक्षर लिहायचं. मांडवाचं गाणं निघालं, तेल चढवायचं निघालं. तासाभरात नऊ गाणी झाली. दहावं मोठं गोड होतं. मुलीच्या हाताला हळद लावताना म्हणायचं. ते संपलं, तरी ओळ पुढं चाललेलीच होती.

एल. क्यू. वाय. के. एस. पी. यू. के. उजवी अनामिका, डावी करंगळी, पुढची बोटं. सुलोचना.

माझं नाव गाण्यात कसं? पुन्हा चाचपलं, तेच निघालं. पुढची अक्षरं हळूहळू लिहिली: "सुलोचनासाठी ठेवलं आहे हे गानं. दुसऱ्या कोनाच्या हळदीत नाही म्हनलं आजवर. तिच्याच हळदीत म्हनीन."

मी लग्न केलं नाही. क्लास चालवला. आईनं त्यावर मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि तिला त्याचं काही वाटत नाही असंच मी धरून चालले होते. कानावर पडेल ते बोटांतून उतरवायचं, मन मध्ये आणायचं नाही, हेही मीच पोरींना शिकवत असे. तिनं माझ्या शेजारी बसून हे सांगितलं, मी मिनिटाला पन्नास शब्दांच्या वेगानं ते टाइप केलं, आणि ऐकलं नाही. मला रडू फुटलं.

"कोनाचं लगन आहे वो?" आईनं विचारलं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "माझं," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "मंग अशी काऊन बसून राहिली?" ती म्हणाली, आणि माझे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले. "आन हळद."