मेदेरच्या संगणकाचं रडणं

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता बुरुलचा नावाच्या आपाच्या, म्हणजे थोरल्या बाईंच्या, घरात पाय ठेवायला जागा नसायची. दारात बुटांचा ढीग आणि आत चुलीवरच्या कढईत बोरसोक तळायचं काम चालू. तळणीचा वास मेलेल्या माणसाला पोचतो, म्हणून आमच्याकडे गुरुवारी घरोघरी पिठाचे हे तुकडे तळतात. पण या घरी मेलेला माणूस वास घ्यायला खरोखर येतो, असं सगळं गाव सांगत होतं. नुसता येत नाही, रडतो म्हणे.

हिवाळ्यात आमची वीज सकाळी जाते ती पाचला येते. त्या दिवशीही दिवा लागला, बायकांनी श्वास रोखले आणि खिडकीजवळच्या संगणकाचा पंखा आपोआप फिरू लागला. कोणी बटण दाबलं नव्हतं. पडदा काळाच होता. मग पेटीतून आवाज आला, लांब आणि कातर, ऊंऽऽऽ. थोडा थांबून पुन्हा, ऊंऽऽऽ.

"आला!" कालिचा म्हणाली.

दारासमोरच्या मानाच्या जागेवर, नवी शाल पांघरून, ती डोळे मिटून बसली होती. परलोकातलं तिला दिसतं, असं ती स्वतः सांगते. गेल्या सहा आठवड्यांत दर गुरुवारी या घरातलं पहिलं मटण तिच्या ताटात पडत होतं. शालही याच घरची.

मेदेर हा बुरुलचा आपाचा एकुलता एक मुलगा. घाटात गाडी घसरली आणि गेला, तिशीही गाठली नव्हती. शाळेत मी त्याला संगणक शिकवला होता. ती पेटी आम्ही दोघांनी शाळेतल्या मोडक्या यंत्रांचे सुटे भाग जमवून जोडली होती. म्हणून खरं तर रडण्याची बातमी कानावर आली, त्या पहिल्याच आठवड्यात मी जायला हवं होतं. पण सुतकाच्या घरात तोंड कसं उघडायचं, असं म्हणत मी घरी बसून राहिले. शेवटी त्याची बायको बेगायिम, मला एजे म्हणजे ताई म्हणणारी, माझ्या दाराशी आली.

"एजे, नारीनच्या नर्सिंग शाळेत मला जागा मिळालीय. सोमवारी हजर व्हायचंय, नाही तर गेली. पण आपा म्हणतात मेदेर नको म्हणतोय. जायचंच असेल तर सेझिमला ठेवून जा, म्हणतात." सेझिम तिची मुलगी, चार वर्षांची. "तो जिवंत असता तर त्यानेच मला गाडीत बसवलं असतं हो."

म्हणून आज मी पिशवीत दोन वस्तू टाकून आले होते.

"मेदेर, लेकरा," कालिचा गळा काढून म्हणाली, "तुझी बायको घर सोडून चाललीय. तुला चालेल का रे?"

ऊंऽऽऽ.

"ऐकलंत ना? काळीज फाटतंय पोराचं! आणि तुझी लेक? तिला नेऊ दे का?"

ऊंऽऽऽ.

आपाने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. बेगायिम सेझिमला घट्ट धरून भिंतीशी बसली होती.

"मी एक विचारू का त्याला?" मी म्हटलं.

"विचार की, मास्तरीणबाई. फक्त मनात शंका ठेवू नकोस."

"मेदेर, बेगायिमला इथेच ठेवून घ्यायचं का?"

ऊंऽऽऽ.

शेजारचे साताराली आजोबा चहाच्या कपातून तोंड वर काढून म्हणाले, "आँ? जाऊही देऊ नका, ठेवूही नका? मग तिने उंबऱ्यावर बसून राहायचं का?"

"मेदेर, कालिचाबाईंची शाल तुला आवडली का?"

ऊंऽऽऽ.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. कालिचाचे डोळे उघडले.

"आत्म्याची थट्टा करतेस? चिडलाय तो! आता काहीही विचारलंस तरी रडणारच."

"आधीही काहीही विचारलं तरी रडतच होता," मी म्हटलं. "आपा, पेटी उघडू का?"

"नाही!" आपा ताडकन उठली. "वर्षाचं जेवण होईपर्यंत त्याच्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही."

"हात तर लागलाय, आपा. कबरीच्या दगडासाठी त्याचा फोटो काढायला चाळिसाव्या दिवसाच्या विधीला संगणक कोणी लावला होता?"

बेगायिम म्हणाली, "तिलेकने. कालिचाबाईंच्या भाच्याने. फोटो काढून झाल्यावर त्याने पेटीचे स्क्रूही खोलले. मी विचारलं तर म्हणाला, धूळ झटकतोय."

"आणि रडणं कधी सुरू झालं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"चाळीस दिवस आत्मा घरात फिरतो म्हणता," मी सगळ्यांकडे बघत म्हटलं, "ते चाळीस दिवस हा गप्प. आणि निघायची वेळ झाल्यावर रडायला लागला?"

कालिचा आत्म्यांच्या सवयींबद्दल बरंच काही बोलली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. आपाजवळ जाऊन बसले.

"आपा, सहा आठवडे तुमचा मुलगा रडतोय असं तुम्हाला वाटतंय. तो रडत नसेल, तर ते तुम्हाला कळायला नको का?"

ती पेटीकडे वळली. पेटी रडतच होती.

"उघड," ती म्हणाली.

मी आधी वायर काढली. आवाज बंद पडला. मग पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर काढून बाजूचा पत्रा सोडवला. आत कोळशाच्या धुळीचा करडा थर होता.

"या, सगळे बघा. हा खोका विजेचा. ही मोठी हिरवी पाटी म्हणजे मदरबोर्ड, बाकी सगळं याच्यावर बसतं. या पंख्याखाली प्रोसेसर आहे, हिशेब तो करतो. ही हार्ड डिस्क, मेदेरचे फोटो हिच्यात. आणि या दोन लांब खाचा आहेत ना, इथे रॅमच्या पट्ट्या असतात. काम करताना लागेल ते प्रोसेसर त्यांच्यावर मांडून ठेवतो. त्याही मेदेरने आणि मीच बसवल्या होत्या."

साताराली आजोबांनी चष्मा पुसला. "खाचा तर रिकाम्या आहेत. आणि सगळीकडे धूळ, पण या आतून स्वच्छ."

"पट्ट्या काढल्या की बिचाऱ्याला पुढे जाताच येत नाही. पडद्यावर लिहून सांगताही येत नाही. मग या एवढ्याशा स्पीकरमधून ओरडतो. बनवणाऱ्यांनीच तशी सोय केलेली असते, दुरुस्त करणाऱ्याला कळावं म्हणून. चोरी झालीय, म्हणून सांगत होता तो. आपण त्याला मटण वाढत होतो."

पिशवीतली दुसरी वस्तू म्हणजे शाळेतली रॅमची पट्टी. ती खाचेत दाबून बसवली, वायर लावली. पंखा फिरला. एकदाच, अगदी छोटा, टिक असा आवाज झाला आणि मग शांतता. काळा पडदा उजळला. कोकराला मिठी मारून उभी असलेली सेझिम त्यावर हसत होती.

"मी!" सेझिम म्हणाली.

"पण बटण न दाबता सुरू कसा होतो?" आजोबांनी विचारलं. योग्य प्रश्न होता.

मी त्यांना मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी दाखवली. "वीज आली की आपोआप सुरू हो, अशी सूचना मेदेरने देऊन ठेवली होती. पेट्रोल पंपावरच्या कामावरून घरी येईपर्यंत त्याला तो तयार हवा असायचा. पेटीची वायर काढली तरी ही बॅटरी ती सूचना सांभाळते. आधीही तो रोज पाचला सुरू होत होता. गप्प होता आणि पडदा तिलेकने लावेपर्यंत बंद असायचा, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नाही."

कालिचा बूट शोधत होती. "तिलेकला मी विचारते. मला पोराचं काही माहीत नाही," ती पुटपुटली. तिला पहिल्या दिवशी माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण भाच्याने पट्ट्या चोरल्या आणि मावशीने ते रडणं विकलं, एवढं उघड होतं. विकणं सोपं होतं. सून आणि नात घरातून जाऊ नयेत ही आपाचीच इच्छा होती, तीच तिला मुलाच्या तोंडून ऐकवली जात होती.

आपा पडद्यासमोर बसली होती.

"म्हणजे तो रडत नव्हता," ती म्हणाली.

"नाही, आपा."

"मला रात्री झोप येत नव्हती. वाटायचं, तिकडे याला कसला त्रास होतोय, आणि मी आई असून काही करू शकत नाही." मग ती स्वतःच रडली, मोठ्याने. रडून झाल्यावर तिने कढईजवळचे बोरसोक फडक्यात बांधले आणि गाठोडं बेगायिमच्या मांडीवर ठेवलं. "रविवारी निघा. सेझिमला लोकरीचे मोजे घाल, नारीनला वारा असतो."

त्या गाठोड्याकडे बघताना मला कालिचाइतकाच स्वतःचाही राग आला. एका आईला सहा आठवडे तिचा मेलेला मुलगा रडताना ऐकवला गेला, आणि गावातल्या बोलण्यावरूनच मला कारण कळलं असूनही मी भिडेपोटी घरी बसले.

म्हणून सांगते. तुमच्या घरात काही बोलू लागलं, तर आधी त्याला उलटा प्रश्न विचारा. ते कधीपासून बोलतंय आणि त्याच्या आदल्या दिवशी कोण आलं होतं, तेही विचारा. मग स्क्रू ड्रायव्हर आणा. जो माणूस पेटी उघडू देत नाही, त्याला मानाच्या जागेवर बसवू नका.