फणसाच्या टेबलाच्या दोन बाजू

मी एक जुनं, फणसाच्या लाकडाचं जेवणाचं टेबल आहे. मित्रांनो, माणसं माझी वरची बाजू पाहतात. खालची बाजू फक्त मला ठाऊक असते. म्हणून माझी गोष्ट दोन्हीकडून सांगतो.

वरून

मुरुडच्या एका सुताराने मला घडवलं. तो एरवी होड्या दुरुस्त करायचा, त्यामुळे माझे सांधेही त्याने पाणी शिरणार नाही असे घट्ट बसवले. अलिबागला कोर्टाजवळ येसूबाईंची खानावळ होती. तारखेला आलेली माणसं, वकील, कारकून माझ्यावर जेवत. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. येसूबाईंच्या हाताला चव होती. लोक त्यांची वाहवा करत तेव्हा वाटायचं, त्यातली थोडी माझीही आहे.

खालून

पिशव्या ठेवायला माझ्या पोटाशी एक फळी होती. येसूबाईंची मुलगी भाविका तेव्हा चौदा वर्षांची. ती वाढायला आली की एक वकील रोज म्हणायचे, "येसूबाई, दार रुंद करून घ्या हो. पोरगी अडकेल एक दिवस." सगळे हसत. भाविकाही हसायची. मग तिच्या वाटची भाकरी माझ्या फळीवर येऊन पडू लागली. भाविका दिवसेंदिवस वाळत गेली. मी पडलो लाकूड. गप्प राहिलो.

मुंग्यांनी मात्र चुगली केली. त्यांची रांग पाहून येसूबाई वाकल्या, फळी पाहिली आणि फडक्याने पुसून घेतली. मुलीला रागावल्या नाहीत. तिला मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि रोज गिऱ्हाईक आटोपलं की स्वतःचं ताट घेऊन तिच्या शेजारी बसू लागल्या. कोणाची तारीख पुढे गेली, कोणी कोणाचा बांध कोरला, असल्या गप्पा. जेवणाविषयी चकार शब्द नाही. वकिलांना मात्र बजावलं, "उद्यापासून ताटाकडं बघायचं. पोरीकडं न्हाय."

भाविका बरी व्हायला दोन वर्षं लागली.

वरून

पुढे ती मानसशास्त्र शिकली, मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात काम केलं आणि अलिबागला परतली. खानावळ बंद होताना तिने आपल्या समुपदेशनाच्या खोलीसाठी फक्त मला मागितलं.

"तिकडं सल्ले देणार हायस का डबे?" येसूबाईंनी विचारलं.

"जे लागेल ते," भाविका म्हणाली.

तिची रीत दिसायला साधी आहे, करायला अवघड. जेवणाशी वैर धरलेली मुलं तिच्याकडे येतात. आधी ती त्यांचं रक्त आणि हृदय डॉक्टरांकडून तपासून घेते. मग घरच्यांसकट माझ्यापाशी जेवायला बसते. 'जाड' आणि 'बारीक' हे शब्द माझ्यावर ठेवू देत नाही. "ही हट्टी आहे," असं कुणी म्हणालं, तर सांगते, "ही नाही, आजार हट्टी आहे. आपण सगळे हिच्या बाजूने."

गेल्या वर्षी प्रणाली आली. सोळा वर्षांची, काशीदच्या आतल्या बाजूच्या गावातली. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी. उपवास वाढत गेले तशी गावाने तिची स्तुती केली. तिची आजी आवडाबाई तर तिला चारचौघांत मिरवायची. आता मुलीची नाडी मंदावली होती. ती आणखी उतरली तर रुग्णालयात दाखल करू, पण जिवाची हमी देता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

भाविकाने उपवासांना नावं ठेवली नाहीत. तिने विचारलं, "आजी, धरलेलं व्रत सोडायचं कसं?"

"उद्यापन करायचं. पाच जणांना जेवू घालायचं, मंग आपन जेवायचं."

"मग हिचं करूया. तुम्ही सांगाल तसं."

शनिवार ठरला. आवडाबाईने वरण-भात आणि खीर करून आणली. प्रणालीचे आईबाप, येसूबाई, भाविका आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाई, असे पाच जण भरले. ते जेवले. मग प्रणालीचं ताट वाढलं.

खालून

प्रणालीने दोन्ही पाय माझ्या पायामागे ओढून घेतले.

"आजी, तुझं ताट कुठाय?"

"माजा शनवार हाय गो."

"मग माझाच का सोडायचा?"

भाविकाची बोटं माझ्या कडेखाली घट्ट रुतली. "बरोबर विचारलंस," एवढंच ती म्हणाली.

आवडाबाईने चाळीस वर्षं शनिवार पाळला होता. बाळंतपणात मोडला नाही, तापात मोडला नाही. तिने चपला काढल्या आणि पाय माझ्या आडव्या दांडीवर टेकवले.

वरून

"वाढा मला," ती म्हणाली. "मारुतीचं नि माजं मी बघीन. तो काय परका हाय?"

तिने घास घेतला. चावत राहिली, डोळे पुसत राहिली. "वरणाला मीठ कमी पडलंय," म्हणाली.

प्रणालीने अर्धा घास घेतला. मग बराच वेळ काही नाही. मग उरलेला अर्धा.

मित्रांनो, एका उद्यापनाने आजार जात नाही. पुढच्याच मंगळवारी तिने ताट ढकललं आणि भाविकाला नको नको ते बोलली. भाविका उठली नाही. असे सात महिने गेले. नाडी सावरली, दाखल करायची वेळ आली नाही. अजूनही ती येते. काही दिवस चांगले जातात, काही नाही.

माझ्या एका पायाला आता वाळवी लागली आहे. पण त्याबद्दल मागणं नाही. मागणं एवढंच, की घरात कुणी ताटापासून दूर सरकू लागलं, तर त्याचं कौतुक करू नका आणि चेष्टाही करू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि आपलं ताट घेऊन शेजारी बसा. आवडाबाई दर शनिवारी बसते. चाळीस वर्षांची सवय, त्या दिवशीचं जेवण पोटाला जड पडतं म्हणते. तरी बसते.