पडद्यावरची सायकलवाली

सुनेचं काम म्हणजे लोकांचे चेहरे झाकायचे. संशोधनवाले व्हिडिओ काढून पाठवत आणि भाग घेतलेल्यांना कुणी ओळखू नये म्हणून ती चेहरे धूसर करून, आवाज बदलून द्यायची. या खेपेला विषय होता, साठी उलटल्यावर सायकल शिकणारी माणसं. तिने पहिलीच फाइल उघडली. मैदानात हेल्मेट घालून सायकलवर बसलेली बाई तिची सख्खी सासू होती.

घरी सासूबाई गुडघ्याच्या व्यायामाला जाते म्हणून सांगत. गेल्या वर्षी त्या न्हाणीघरात घसरल्यापासून मुलाने त्यांच्यावर असा पहारा बसवला होता की स्टुलावर चढायचीही चोरी. सायकलचं कळलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं आणि सायकल त्याच दिवशी बंद झाली असती.

सून थेट विभागप्रमुख बाईंकडे गेली. "यातल्या एकीला मी ओळखते. काम दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"दिलं तरी तू पाहिलंस ते पाहिलंसच. आता तोंड बंद ठेवशील?"

"ठेवीन."

"मग तूच कर. आणखी एकाला कशाला कळायला हवं?"

समोरून दिसणारा चेहरा कॉम्प्युटर बरोबर हेरून झाकायचा. पण सासूबाई मान मागे टाकून हसल्या की त्याला तो चेहराच वाटेना, आणि त्या तर प्रत्येक वळणावर हसत होत्या! सायकलच्या गोल दिव्यावर मात्र त्याने इमानेइतबारे पडदा टाकला होता. शेवटी तिने एकेक चित्र थांबवून हाताने झाकलं. "मेल्यांनो, बाजूला व्हा!" ही घरात रोज ऐकू येणारी आरोळी तिने जाड्याभरड्या पुरुषी आवाजात घातली आणि हसून हसून तिची मुरकुंडी वळली. घरी सासूबाई अशा कधी हसत नाहीत, हे मग लक्षात आलं तेव्हा तिला फार वाईट वाटलं.

तयार फिल्म सभागृहात दाखवायची होती आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही बोलावणं होतं. तिने टाळाटाळ करून पाहिली, पण बायकोचं काम बघायचंच म्हणून नवरा हटून बसला आणि आईलाही घेऊन आला. दिवे मालवले. पडद्यावर सासूबाई आल्या. शेजारच्या खुर्चीत त्याच सासूबाई साळसूदपणे बसल्या होत्या. नवरा पुढे झुकला, तसा सुनेचा जीव टांगणीला लागला.

"आई, ही बाई बघ," तो म्हणाला. "काय बेफाम चालवतेय! नशीबवान आहे. घरच्यांनी अडवलं नाही हिला."

"अडवलं होतं की."

"तुला काय माहीत?"

सुनेने नजर पडद्यावरून हलवली नाही.

"मीच आहे ती."

तो पडद्याकडे बघत राहिला, मग आईकडे, मग बायकोकडे. "तुला ठाऊक होतं?"

"तिला बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "तिने नीट झाकलं म्हणून मी इथे बिनघोर बसले. तुला सांगायचं की नाही, हे माझं मी ठरवायचं होतं. ठरवलं."

तो आईकडे वळला. "अगं, पण पडली असतीस तर?"

"पडले ना! चांगली दोन-तीनदा पडले. तुला कळलं तरी का?"